राखण : भुंकणारा कुत्रा आणि जागा माणूस

घराच्या राखणीसाठी कोणत्या जातीचे कुत्रे घ्यावे, हा प्रश्न पूर्वी शहरातल्या बंगल्यांपुरता होता. आता तो बीड जिल्ह्यातल्या वडवणीसारख्या तालुक्याच्या गावीही विचारला जातो. वरवर पाहता हा व्यवहाराचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पशुवैद्याने किंवा अनुभवी श्वानपालकाने द्यावे. परंतु या एका वाक्यात घर, राखण आणि जात असे तीन शब्द एकत्र आले आहेत, आणि या तिन्ही शब्दांना आपल्याकडे स्वतंत्र व गुंतागुंतीचा इतिहास आहे. तो ध्यानात घेतला तर असे दिसते, की आपल्या पूर्वजांनी कुत्र्याची जात निवडली ती शिकारीसाठी. घराच्या राखणीसाठी मात्र त्यांनी जात फारशी पाहिली नाही. राखणीचे काम त्यांनी एका जोडीकडे सोपवले होते. कुत्र्याने भुंकायचे आणि कोणीतरी माणसाने उठायचे. आज जातीची चौकशी वाढली आहे, याचे एक कारण या जोडीतला दुसरा घटक नाहीसा होत चालला आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात हेच थोड्या विस्ताराने मांडायचे आहे.

भुंकणारे कुत्रे चावत नाही, ही म्हण आपण पोकळ धमकी देणाऱ्या माणसाला उद्देशून वापरतो. तिचा रोख उपहासाचा आहे. पण राखणीच्या दृष्टीने पाहिले तर तीत कुत्र्याची काहीच निंदा नाही. चावणे हे राखणदार कुत्र्याचे मुख्य काम कधी नव्हतेच. चाहूल घेणे आणि ती इतरांपर्यंत पोचवणे हे त्याचे काम. पुढचे काम माणसाचे.

याचा सर्वांत जुना वाङ्मयीन पुरावा ऋग्वेदात सापडतो. सातव्या मंडलातील पंचावन्नावे सूक्त वास्तोष्पतीला, म्हणजे घराच्या रक्षक देवतेला, संबोधून सुरू होते आणि लगेच घरच्या कुत्र्याकडे वळते. सूक्तकर्ता त्याला चोरावर भुंकायला सांगतो, आपल्यावर का भुंकतोस असे विचारतो आणि अखेर त्याला व घरातल्या सर्वांनाच झोपी जायला सांगतो. हे सूक्त चोराचे की प्रियकराचे की साध्या अंगाईचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की कुत्र्याला झोपवणे पुरेसे नाही, आईबापांसह अवघे घर झोपले पाहिजे, हे सूक्तकर्त्याला ठाऊक आहे. कुत्रा जागा आणि माणसे निजलेली, किंवा माणसे जागी आणि कुत्रा निजलेला, अशा दोन्ही स्थितींत राखण अपुरी राहते. या कुत्र्याला तिथे 'सारमेय' म्हटले आहे. सारमेय म्हणजे सरमेचा पुत्र. पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढणारी देवशुनी ती सरमा. जातीचा, रूपलक्षणांचा असा विचार या सूक्तात नाही. रंगाचा उल्लेख आहे, तो ओळखीपुरता.

आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात कुत्र्याचा वावर किती जुना आहे, याचे एक देखणे प्रमाण प्रवरेकाठच्या दायमाबादला मिळाले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या स्थळी १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांपैकी एक म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ. रथात एक पुरुष उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. या वस्तूंच्या काळाविषयी वाद आहेत आणि त्या कुत्र्याचे प्रयोजन काय, हे कोणी निश्चित सांगू शकत नाही. तरीही शिल्पकाराला माणूस आणि बैल यांच्या मध्ये कुत्र्याला जागा द्यावीशी वाटली, एवढे खरे.

जातीची चर्चा सुरू होते ती राजदरबारी. कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य आजच्या मराठवाड्याच्या मोठ्या भागावर होते. त्यांच्यापैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावे असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत कोशग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत असंख्य विषय सामावणाऱ्या या ग्रंथात राजाच्या विनोदांचे, म्हणजे मनोरंजनाचे, प्रकरण आहे आणि त्यात सारमेयविनोदही आहे. कुत्र्यांचे देशपरत्वे भेद, त्यांचे रंग व बांधा यांचा विचार तिथे केलेला आढळतो. कुत्रे निवडावे कसे, याचा आपल्या भागातला हा जुना शास्त्रीय ऊहापोह म्हणता येईल. पण तो 'विनोदा'त मोडतो, हे विसरता कामा नये. निवड आहे ती मृगयेसाठी, पाठलागासाठी, राजाच्या करमणुकीसाठी. राजवाड्याच्या दारावर पहारा द्यायला माणसे होती.

शिकारी कुत्र्याला मिळणारा मानही वेगळा होता. कर्नाटकातील मंड्य जिल्ह्यात आतकूर येथे सापडलेला शिलालेख राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळचा, इ. स. ९४९-५० चा आहे. गंग राजा बूतुग याच्या पदरचा वीर मणलेर याने 'काळी' नावाची शिकारी कुत्री मागून घेतली. ती रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेले. तिच्या स्मरणार्थ दगड उभारून त्याच्या पूजेसाठी जमीनही दिली गेली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट याहून वादग्रस्त. त्याला समकालीन कागदाचा आधार नाही. पुतळा १९३६ चा. तो २०१२ साली हटवला गेला, पुन्हा बसवला गेला आणि २०२५ साली तो काढण्याची मागणी पुन्हा झाली. या तिन्ही उदाहरणांत कुत्र्याला नाव आहे आणि दगडही आहे, कारण तिन्ही कुत्री राजाशी जोडलेली आहेत. गावातल्या ढाळजेबाहेर आयुष्य काढणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला यांपैकी काही आले नाही.

या राजाश्रयी परंपरेचे आजचे जिवंत रूप म्हणजे मुधोळचे कुत्रे. मुधोळ आता कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात येते. तिथे घोरपड्यांचे मराठी संस्थान होते. लांब मान, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि वाऱ्यासारखी धाव ही या कुत्र्याची लक्षणे. त्याला 'कारवान' म्हणतात आणि अंगावर रेशमी केस असलेल्या प्रकाराला 'पश्मी'. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास कसोशीने केली आणि इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला एक जोडी भेट दिली. 'मुधोळ हाउंड' हे नाव त्यानंतर रूढ झाले, असे मानले जाते. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यात मुधोळ होते; २०१६ साली लष्कराने मेरठच्या केंद्रात मुधोळच्या पिलांना प्रशिक्षण द्यायला आरंभ केला. या कुत्र्याबद्दल आपल्याला अभिमान वाटावा हे स्वाभाविकच. मात्र ते दृष्टीने शिकार हेरून तिच्यामागे धावणारे कुत्रे आहे. त्याला दौडायला मोकळे रान लागते. परक्यापासून ते अंतर राखते, हा गुण राखणीला उपकारक असला तरी दोन गुंठ्यांच्या फाटकात साखळीने बांधण्यासाठी ते घडलेले नाही.

आता गावाकडे यावे. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घराची रचना पाहिली तर राखण तिच्यात अंगभूत होती, असे दिसते. मोठे दार, आत गेल्यावर ढाळज, दोन्ही बाजूंना बसायला ओटे, मग चौक आणि ओसरी. ढाळजेत घरातला म्हातारा किंवा गडी निजे. कुत्रे दाराबाहेर असे. ते एका घराचे असे म्हणवत नसे. चारदोन घरांच्या भाकरीवर ते जगे आणि त्या चारदोन घरांसाठी भुंके. एक कुत्रे भुंकले की आळीतली बाकीची उठत आणि आळीची चाहूल गावभर पोचे. या कुत्र्याला 'गावठी' म्हणतात. शब्दाला आता हीन छटा आली आहे, पण त्याचा मूळ अर्थ साधा व अचूक आहे. ते गावाचे कुत्रे होते.

कुत्र्याच्या भुंकण्याला उत्तर देणारी माणसेही गावाने नेमलेली होती. वेसकर, जागल्या, रामोशी ही त्यांची नावे प्रदेशपरत्वे बदलतात. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरील १८१९ च्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दख्खनच्या गावातल्या पहारेकऱ्याचे काम वर्णिले आहे. रात्री पहारा करणे, गावात कोण आले व कोण गेले यावर नजर ठेवणे, परक्याची खबर ठेवणे. आणि चोरी झाली तर पावलांचा माग काढत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाणे व तिथल्या पहारेकऱ्याच्या हाती तो माग सोपवणे. माग ज्या गावात थांबेल त्या गावावर जबाबदारी येई. चोरी ही एका घराची बाब न राहता गावाची बाब ठरे, हे या व्यवस्थेचे मर्म.

परंतु या व्यवस्थेबद्दल हळहळत बसण्याचे कारण नाही. राखणीचे हे काम जन्माने लादलेले होते. महार वेसकराने गाव राखायचे आणि त्याबदल्यात दारोदार भाकरी मागायची. दाराशी उभ्या असलेल्या या दोन्ही राखणदारांना, माणसाला आणि कुत्र्याला, गावाने जवळजवळ सारखेच वेतन दिले, ते उरलेल्या भाकरीचे. मानाच्या बाबतीत तर माणूस कुत्र्याच्याही खाली राहिला. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्यांना होता, आणि १९२७ चा सत्याग्रह याच विसंगतीवर बोट ठेवणारा होता. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आणले, त्यामागे या अल्प मोबदल्याच्या अमर्याद चाकरीचा अनुभव होता. ती चाकरी संपली हे इष्टच झाले.

भाषेनेही या दोघांना एकत्र बांधले आहे. तमिळमध्ये 'परै' म्हणजे ढोल. तो वाजवणाऱ्या जातीचे नाव परैयर. इंग्रजांनी त्यावरून 'परिया' हा शब्द बनवला, तो बहिष्कृत माणसाला लावला आणि पुढे आपल्या गावकुत्र्यालाही 'परिया डॉग' म्हटले. एका मानवी जातीचे नाव अशा रीतीने कुत्र्याच्या एका प्रकाराला चिकटले. मराठीत तर माणसाची जात आणि कुत्र्याची जात यांना शब्दच एक आहे. 'जातिवंत' म्हणजे उत्तम, हे समीकरण आपण इतके आत्मसात केले आहे की कुत्रे विकत घेताना त्याच्या आईबापांचा कागद मागण्यात काही विचार करण्याजोगे आहे, असे आपल्याला वाटतही नाही.

हा कागदही फार जुना नाही. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. वंशावळीची नोंद, ठरीव रूपलक्षणे आणि नोंदीबाहेरच्या संकराला बंदी ही आजची 'ब्रीड' नावाची कल्पना मुख्यतः व्हिक्टोरियन काळाची निर्मिती आहे. आपल्याकडे राखणीसाठी ज्यांची नावे घेतली जातात, त्या कुत्र्यांचे मूळ या संदर्भात पाहण्यासारखे आहे. लॅब्रॅडोर हे गोळी लागून पडलेले पाखरू तोंडात अलगद धरून आणणारे कुत्रे. मुंबई पोलिसांच्या 'झंजीर'ने १९९३ च्या स्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिले. ती कामगिरी त्याच्या घ्राणशक्तीची आणि शिकाऊपणाची होती. परक्याशी सहज मैत्री करणारा हा प्राणी चोराला कितपत अडवील, हे त्याच्या मालकांनाच ठाऊक. जर्मन शेफर्ड हे नावाप्रमाणे मेंढपाळाचे कुत्रे. माक्स फॉन श्टेफानित्स याने १८९९ साली त्याची संस्था स्थापून त्याला आजचे रूप दिले आणि मेंढ्या कमी होत गेल्या तसे ते पोलिसांकडे व लष्कराकडे वळवले. त्याच्या अंगावर केसांचे दुहेरी आवरण असते. बीडच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा त्याचे काय होत असेल याची कल्पना करता येते.

यांत खास राखणीसाठी घडवलेले कुत्रे म्हणजे डोबरमन. जर्मनीतल्या आपोल्डा गावचा कार्ल फ्रीडरिख लुई डोबरमन हा करवसुली करणारा इसम. वसुलीच्या कामी एकट्याने फिरताना सोबतीला धाक बसवणारे कुत्रे हवे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने ही जात घडवली, असे सांगतात. एकटा माणूस, जवळ पैसा, भोवती नाखूश लोक, आणि हाक मारली तर धावून येईल असे कोणी नाही. या परिस्थितीत भुंकणारे कुत्रे अपुरे पडते. तिथे चावणारेच लागते. राखणदार कुत्र्याच्या इतिहासातला हा महत्त्वाचा बदल आहे, आणि आपल्या आजच्या मागणीचे मूळही मला याच परिस्थितीत दिसते.

कारण वडवणीचे घर आता वेगळ्या अर्थाने एकटे पडले आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास नवराबायकोचा 'कोयता' टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर जायचा आणि हंगाम सरल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचा. वडवणी तालुकाही याला अपवाद नाही. वर्षातला जवळजवळ निम्मा काळ अनेक घरांत फक्त म्हातारी माणसे आणि कधी लहान मुले उरतात, काही घरांना कुलूपच असते. ज्यांनी ऊसतोड सोडली, त्यांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी संभाजीनगर-पुण्याला. वडवणीत राहिलेल्यांची नवी घरे वेगळ्या प्लॉटवर, कुंपणाआड. ढाळज गेली, ओटा गेला. कुत्रे भुंकले तर ऐकणारे कोण, आणि ऐकले तरी उठणारे कोण? मग माणूस साहजिकच असे कुत्रे शोधू लागतो, जे भुंकेलही आणि उठेलही. दोघांचे काम एकट्याने करणारे.

या शोधाची परिणती कुठे होते, तेही दिसले आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर इत्यादी २३ जातींची विक्री व पैदास थांबवण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले; कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द ठरवले. न्यायालयीन बाजू काहीही असो, चावण्यासाठी निवडलेले कुत्रे बांधून, एकटे, माणसांच्या सहवासाविना वाढवले तर ते चोर आणि पोर यांत भेद करीत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

दुसरीकडे, कुत्रे स्वतःच सुरक्षित नाही, याचाही अनुभव या भागाला आहे. २०२० च्या नोव्हेंबरात बीडच्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा वस्तीवरच्या राखणीचा प्रश्न जिवावरचा झाला. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व गावकुत्र्यांचाच आढळला होता. म्हणजे रात्री बाहेर साखळीने बांधलेले कुत्रे, ते कितीही जातिवंत असले तरी, बिबट्याच्या मुलखात राखणदार नसून भक्ष्य आहे. २०२१ च्या डिसेंबरात वडवणीशेजारच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ गावी माकडे कुत्र्यांची पिले उंचावर नेऊन टाकतात, ही बातमी जगभर गेली. मेलेल्या पिलांचा आकडा अडीचशेपर्यंत फुगला, तो अतिशयोक्त असल्याचेही लवकरच समोर आले, आणि अखेर वनखात्याने दोन माकडे पकडली. जगाने ती गंमत म्हणून वाचली. पण गावठी पिलांवर गदा येणे म्हणजे त्या गावाच्या येत्या दोन-तीन वर्षांच्या रात्रींवर गदा येणे, या दृष्टीने तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले.

तेव्हा कोणते कुत्रे घ्यावे? इतिहासाच्या अभ्यासकाने सल्ला देऊ नये असा संकेत असला, तरी या इतिहासातून निघणारे उत्तर फारसे अवघड नाही. गावठी पिलू दोन महिन्यांचे असताना घरात आणावे, त्याला रेबीजची लस वेळेवर द्यावी, रात्री त्याला भिंतीच्या आड, माणसांच्या हाकेच्या अंतरावर ठेवावे. या हवेत, या अन्नावर जगण्याचा अनुभव त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी घेतला आहे, आणि परक्याची चाहूल देण्यात ते कोणाला हार जाणार नाही. ज्याला मोकळे रान आहे आणि रोज धावायला न्यायची उमेद आहे, त्याने मुधोळ आणावे. पण यांपैकी कोणतेही कुत्रे अर्धेच काम करील, हे समजून आणावे.

उरलेले अर्धे काम पूर्वी जातीच्या बळावर करून घेतले जाई. ते बळ गेले, जायलाच हवे होते. त्याच्या जागी कायद्याने पोलीस पाटील दिला, काही गावांत ग्रामसुरक्षा दले आली. पण ज्या गावातली धडधाकट माणसे निम्मे वर्ष उसाच्या फडात असतात, तिथे दलात उभे राहणार कोण? समतेच्या पायावर उभी असलेली, आळीपाळीने जागणारी शेजाऱ्यांची राखण आपल्याला अजून उभारता आलेली नाही. वडवणीत आज एखादे म्हातारे जोडपे नातवासाठी घर राखत बसलेले असते, तेव्हा त्यांच्या दाराशी डोबरमन आहे की गावठी, यापेक्षा ते भुंकले असता शेजारच्या घरात दिवा लागतो की नाही, यावर त्यांची झोप अवलंबून असते. कुत्र्याची जात निवडण्यापूर्वी तेवढी चौकशी केलेली बरी.